मगरीनं गावं की झाडांनी

मी शाळेत भूगोल शिकवते, आणि वर्षातले तीन आठवडे शिकवत नाही. ते तीन आठवडे स्नेहसंमेलनाचे. त्या काळात माझ्या नववीला मॉन्सूनचे वारे कुठून येतात ते कळत नाही, पण रंगमंचावर उजवीकडून आलेल्या माणसानं पाठ न दाखवता डावीकडून कसं जावं, ते पक्कं कळतं. मला याचा पश्चात्ताप झालेला आजवर कुणी पाहिलेला नाही.

गेल्या संमेलनाचा विषय होता पर्यावरण. आमच्याकडे पर्यावरण म्हटलं की एक मुलगी प्लॅस्टिकची पिशवी होते, एक मुलगी नदी होते आणि दोघी दहा मिनिटं भांडतात. ते भांडण मी तीन वर्षं लागोपाठ पाहिलं होतं. या खेपेला मी बैठकीत उभी राहिले आणि म्हणाले, "वर्षावन! सगळं जंगलच रंगमंचावर आणू. जॅग्वार, टूकन, स्लॉथ, मगर. सगळे गाणार. वर झाडं कापायला करवतवाले येणार!" उत्साहाच्या भरात माझा हात चहाच्या कपाला लागला आणि मोठ्या बाईंच्या वहीवर गोदावरीला पूर आला.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी वही रुमालानं टिपली आणि शेवटच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथं आमचे संगीताचे सर बसले होते.

"गाणी कोण म्हणणार? मुलं की ट्रॅक?"

हा प्रश्न साधा नव्हता. आता बहुतेक शाळांमध्ये संमेलनाची गाणी आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होतात. कार्यक्रमाच्या दिवशी स्पीकर गातो आणि मुलं नुसते ओठ हलवतात. आमच्याकडे मात्र सत्तावीस वर्षं सर पेटी घेऊन रंगमंचाच्या कडेला बसत आणि मुलं खरोखर गात. त्याचा फटका त्याआधीच्या संमेलनात बसला होता. पाहुण्यांसमोर स्वागतगीत एका पट्टीत सुरू झालं, दुसऱ्या पट्टीत संपलं आणि मधल्या काळात माइकनं शिट्टी मारली. पाहुणे हसले नाहीत, तेच जास्त लागलं.

"मुलं गातील," सर म्हणाले.

"ठीक. हे एक नाटक तुमचं," मोठ्या बाई म्हणाल्या. "जमलं तर जमलं. नाहीतर पुढच्या वर्षीपासून ट्रॅक. मग पुन्हा चर्चा नको."

"बरं," सर म्हणाले.

आमचे सर 'बरं' हा एकच शब्द सातही सुरांत म्हणू शकतात. त्या दिवशीचा सर्वांत खालचा होता. त्यामागचं कारण स्टाफरूममधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. संगीताचे तास आठवड्याला दोन, त्यातला एक गणितवाले 'पोर्शन राहिलाय' म्हणून नेतात, दुसरा इंग्रजीवाल्या. संमेलन आहे म्हणून मुलं वर्षातून एकदा सरांजवळ जाऊन बसतात. ते गेलं की सर हजेरीपटावर उरणार, आणि शाळेत गाणं कुठंच उरणार नाही.

दुसऱ्याच शनिवारी सरांनी आवाजाची परीक्षा घेतली. ज्यांना सूर लागला ते प्राणी झाले. ज्यांना लागला नाही ती झाडं झाली. हा सगळ्याच शाळांचा अलिखित नियम असावा. ज्याला गाता येतं तो गातो, ज्याला नाचता येतं तो नाचतो आणि बाकीच्यांना हिरवा पुठ्ठा लावून मागं उभं करतात. आमच्या पाचवीतून एकदम अडतीस झाडं निघाली. त्यांतल्या एका मुलीचा आवाज इतका जाड होता की तिनं 'सा' लावला तेव्हा सरांना वाटलं, बाहेर ट्रॅक्टर आला. ती बिचारी आपणहून झाडांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

मग कपड्यांचं आलं. आमच्या नेहमीच्या ड्रेसवाल्याकडे मावळे होते, कोळी होते, दोन मापांतला वाघ होता, आणि कान तुटलेला ससा होता.

"टूकन आहे का?" मी विचारलं.

"पोपट घेऊन जा मॅडम. चोच मोठी करून देतो."

"स्लॉथ?"

"त्याला काय घालतात?"

मी हताश होऊन शाळेत परतले. तेव्हा आमचे शिपाईमामा घंटेखाली उभ्या उभ्या म्हणाले, "माझे सासरे सोंगं करतात, बाई. सुरगाण्याकडं. आमच्या बोहाड्याची सगळी सोंगं त्यांच्याच हातची."

बोहाडा म्हणजे त्या डोंगरातल्या गावांचा मुखवट्यांचा उत्सव. होळीनंतर संबळ आणि पिपाणी वाजायला लागते, आणि एकेक देव, एकेक दानव मुखवटा चढवून येतो, आपल्या चालीनं नाचतो आणि जातो. ते मुखवटे म्हणजे सोंगं. मी ते लांबून पाहिले होते. जवळून पाहायची संधी सोडणारी मी नव्हे. पुढच्या रविवारी मी आणि शिपाईमामा एसटीत बसलो.

सासरेबुवा, गावाचे आजोबा, अंगणात कागदाचा लगदा मळत होते. मी मोबाइलवर जॅग्वारचं चित्र दाखवलं. त्यांनी ते दूर धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं.

"वाघच हाय. ठिपके घेऊन हाय एवढंच. याची चाल कशी?"

"म्हणजे?"

"चालतो कसा? चाल कळल्याबिगर तोंड कसं करू?"

मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे चालता जॅग्वार दाखवायची सोय नव्हती. वय वर्षं एक्कावन्न. मी पदर खोचला आणि त्या अंगणात जॅग्वारसारखी चालले. मग टूकनसारखी उडी मारली. मगर झाले, तेव्हा शेजारच्या दोन म्हाताऱ्या घोंगडं घेऊन बसायला आल्या. स्लॉथ झाडाला उलटा लोंबकळतो आणि एक हात हलवायला मिनिटभर घेतो. मी ओसरीच्या खांबाला मिठी मारून ते करून दाखवलं. आजोबांनी ते अगदी शांतपणे, शेवटपर्यंत पाहिलं.

"ह्यो माहीत हाय," ते म्हणाले आणि त्यांनी जावयाकडे पाहिलं. "घरात हाय एक."

शिपाईमामांनी नंतर मला बजावलं, की हे शाळेत सांगायचं नाही. मी शब्द पाळला. पूर्ण दोन दिवस.

संमेलनाला तेरा दिवस उरले असताना सोंगं आली. आजोबांनी ती गोधडीत बांधून जावयाबरोबर पाठवली होती. गाठ सोडली आणि सबंध स्टाफरूम टेबलाभोवती जमली. जॅग्वारच्या जबड्यात पांढरेशुभ्र दात, टूकनची केशरी चोच हातभर लांब, मगरीच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आणि स्लॉथच्या चेहऱ्यावर ते तृप्त हसू, जे मी गणिताच्या सरांच्या चेहऱ्यावर जेवणानंतर पाहते. मी आनंदानं टाळ्याच वाजवल्या.

आनंद तालमीपर्यंत टिकला. मुलांनी सोंगं चढवली, सरांनी पेटीवर सूर धरला, जॅग्वारनं गाणं सुरू केलं, आणि आतून आवाज आला तो डब्यात कोंडलेल्या कबुतराचा. टूकनचंही तेच. मगरीचा तर आवाजच बाहेर येईना. मी मुखवटे हातात घेऊन पाहिले. डोळ्यांना छिद्रं होती. तोंडाला नव्हती. तोंडं सगळी सुरेख रंगवलेली आणि घट्ट बंद.

नेमक्या त्याच वेळी मोठ्या बाई दारात आल्या. त्यांनी मुखवटे पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं बाई, किती छान! आणि तोंडं झाकलेलीच आहेत की. मग प्रश्नच मिटला. ओठसुद्धा हलवायला नकोत. ट्रॅक लावा. स्टुडिओवाला मंगळवारी मोकळा आहे, विचारू का?"

सरांनी पेटीचं झाकण लावलं. 'बरं'सुद्धा म्हणाले नाहीत, तेव्हा मात्र मला भीती वाटली.

"सोमवारपर्यंत थांबा मोठ्या बाई," मी म्हणाले. "तोंडं मी करून घेते."

करून घेते म्हणजे काय, तर मधल्या सुट्टीत हस्तकलेच्या कपाटातून कटर काढला आणि टूकनच्या चोचीखाली घातला. कागदाचे थर एकमेकांत इतके घट्ट बसलेले होते की पातं आत जाईना. मी जोर केला. एक कर्र आवाज झाला आणि ती केशरी चोच माझ्या मांडीवर येऊन पडली. मी तशीच बसून राहिले. एका हातात चोच, एका हातात बिनचोचीचा पक्षी. शिपाईमामा दारातून म्हणाले, "सासऱ्यांना फोन लावू का, की आधी तुम्ही रडून घेता?"

शनिवारी सकाळच्या एसटीनं आजोबा आले. पिशवीत चिंचोक्याच्या खळीचा डबा होता आणि स्टाफसाठी नागलीचे पापड. मी गुन्हा कबूल केला. त्यांनी चोच उलटीसुलटी पाहिली आणि ते खळ कालवायला लागले.

"तोंड कशाला कापत व्हता, बाई?"

"मुलांना गायचंय ना आजोबा. आवाज बाहेर येत नाही."

ते थांबले. मी त्यांच्यापुढे स्लॉथ होऊन खांबाला लटकले होते तेव्हाही त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं.

"सोंग कुठं गातं? सोंग नाचतं. तोंड चढवलं की आतलं मानूस गप. गायला, वाजवायला दुसरी मानसं ऱ्हातात की. आमच्याकडं कवाच कुनी सोंगाला तोंड पाडलं नाय."

चूक कुणाची होती ते आत्ता माझ्या ध्यानात आलं. मी त्यांना चाल दाखवली होती, रंग दाखवले होते, गाण्याचं सांगितलंच नव्हतं. आणि त्यांनी विचारलं नव्हतं, कारण मुखवटा घालून गाणारा माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

चोच वाळेपर्यंत ते तालीम बघत बसले. प्राणी पुढे घुमत होते. मागं अडतीस झाडं हात वर करून उभी होती.

"ही येवढी पोरं गप का?" आजोबांनी विचारलं.

"ती झाडं आहेत."

"मग?"

"झाडं कुठं गातात, आजोबा?"

"आन मगर गाती व्हय तुमच्याकडं?"

पेटीपाशी बसलेले सर मोठ्यानं हसले. मला त्यांच्या हसण्याचा आवाज कसा असतो हे तेव्हा प्रथमच कळलं. मग ते एकदम थांबले आणि उठून झाडांसमोर जाऊन उभे राहिले.

"गाल का?"

झाडांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या रांगेतलं एक झाड म्हणालं, "सर, आम्हाला येत नाही. तुम्हीच म्हणालात."

"मीच म्हणालो," सर म्हणाले. "चुकलो असेन. एकच सूर येतो का बघू. एकच. दुसरा मागणार नाही."

त्या माणसानं पुढचे अकरा दिवस जे केलं त्याला काय म्हणावं मला माहीत नाही. त्यांनी गाण्यांच्या चाली बदलल्या, सोप्या केल्या. अडतीस जणांच्या चार रांगा केल्या आणि प्रत्येक रांगेला एकच सूर दिला. आपला सूर सांभाळायचा, शेजाऱ्याच्या घरात जायचं नाही. सकाळी शाळा भरण्याआधी, डबा खाताना, अगदी हात धुवायच्या नळापाशीसुद्धा पहिली रांग आपला सूर गुणगुणत असायची. शब्द म्हणायला त्यातल्या त्यात धीट अशी सहा झाडं निवडली. आणि त्या जाड आवाजाच्या मुलीला सरांनी बोलावलं.

"तू सगळ्यांच्या खाली राहायचंस. जमिनीसारखं. तू हललीस तर सगळे पडतील."

"सर, माझा आवाज मुलांसारखा आहे."

"असू दे. मला तो हवाय."

इकडे प्राण्यांनी बंड केलं. जॅग्वारची आई शाळेत आली. तिच्या मुलाचा आवाज कॉलनीत प्रसिद्ध होता आणि तो आता नुसता नाचणार म्हणजे काय? मी तिला खुर्ची दिली, जॅग्वारचं सोंग तिच्या हातात दिलं आणि आवाज शक्य तितका खाली नेऊन म्हणाले, "ताई, हे तोंड घातल्यावर बोलायचं नसतं. परंपरा आहे." ती सोंग दोन्ही हातांनी धरून परत देताना वाकली. माझ्यातल्या नटीला हे प्रसंग फार आवडतात.

मोठ्या बाईंना मी सोमवारी सांगितलं की तोंडांचा प्रश्न सुटला. कसा, ते सांगितलं नाही. त्यांनी स्टुडिओवाल्याला नको म्हणून सांगितलं नाही, थांबायला सांगितलं. म्हणजे टांगती तलवार होतीच.

एक गोष्ट कुणीच ठरवली नव्हती, ती रंगीत तालमीत आपोआप झाली. नाटकात करवतवाले येतात आणि झाडं एकेक करून पाडतात. आधी झाडं मुकी होती तेव्हा ती नुसती आडवी होत. आता प्रत्येक झाडाबरोबर एक सूर बंद पडायला लागला. गाणं विरळ होत गेलं. शेवटी ती जाड आवाजाची एकटी उभी राहिली आणि तीही पडली, आणि जॅग्वार नाचतच होता, फक्त घुंगरं वाजत होती. माझ्या हातातली संहिता खाली गेली. अशी जागा मी लिहिली असती तर मला स्वतःचा अभिमान वाटला असता. मी तिथं काय लिहिलं होतं, तर निवेदन. तीन पानांचं. आर्द्रता, पर्जन्यमान, कर्बवायू, सगळं. ते मी स्वतः, माइकवर, पायघोळ हिरव्या साडीत म्हणणार होते, आणि त्यानंतर झाडं पुन्हा उठणार होती.

संमेलनाच्या संध्याकाळी थंडी अशी होती की पालक शाली, कानटोप्या आणि दोन-चार तर ब्लँकेटं घेऊन आले होते. मैदान भरलेलं. आजोबांना मोठ्या बाईंनी पहिल्या रांगेत आपल्याशेजारी बसवलं होतं. सर पेटीवर होते. बोटं गार पडू नयेत म्हणून ते मधूनमधून हात काखेत धरत होते, की भीतीनं धरत होते, ते मी विचारलं नाही.

पहिला सूर लागला. पहिली रांग, मग दुसरी. माइकनं शिट्टी मारली नाही. ते गाणं संपूर्ण सुरात होतं असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या रांगेतले दोघे शेजाऱ्याच्या घरात जाऊन आलेच. पण अडतीस पोरांचा तो आवाज मैदानावरून असा आला की मागं वडा खाणारे लोकही खायचे थांबले. मुक्या मगरीनं शेपटी आपटली, स्लॉथनं एक हात वर न्यायला आख्खं कडवं घेतलं, आणि लोक त्या एका हातासाठी टाळ्या वाजवत होते.

मग करवतवाले आले. झाडं पडायला लागली. सूर कमी होत गेले. मैदान शांत, आणखी शांत. जाड आवाजाची एकटी उरली. तिचा तो जमिनीसारखा सूर किती वेळ टिकला! करवत तिच्यापाशी आली आणि तीही आडवी झाली. घुंगरं तेवढी वाजत राहिली.

मी विंगेत साडीच्या निऱ्या सारख्या केल्या, माइक हातात घेतला, श्वास घेतला. आणि प्रेक्षकांतून एका आजीबाईचा खणखणीत आवाज आला:

"अगं उठा गं पोरींनो आता! फरशी गार पडलीय, कमरा धरतील!"

मैदान हसलं. आडवी झाडंही हसली. अडतीस पोरं पोटं धरून खदखदत होती, त्यामुळे मेलेलं जंगल थरथरायला लागलं. सगळं हातातून जाणार, असं मला वाटलं. मी निवेदन सुरू करायला तोंड उघडलं, तेवढ्यात सरांनी माझ्याकडे न पाहताच पेटीवर तो खालचा सूर धरला. जाड आवाजाच्या मुलीनं झोपल्या झोपल्या, हसता हसता तो उचलला. मग तिच्या शेजारच्यानं. मग रांगच्या रांग. गात गात झाडं उठत गेली, आणि जे उठलं त्यानं शेजारच्याला हात देऊन उठवलं. हे आम्ही बसवलेलं नव्हतं. खाली पालकही उभे राहिले. त्यांतले काही थंडीनं उभे राहिले असतील, पण मी सगळे मोजले.

पडदा पडला तेव्हा माझी तीन पानं माझ्या हातात तशीच होती.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर स्टुडिओवाल्याचं कार्ड होतं. सर उभेच राहिले. मी निवेदन का झालं नाही, याची कारणं मनात जुळवत होते. चार जमली होती.

मोठ्या बाईंनी कार्ड उचललं आणि खणात टाकलं.

"त्याला नको म्हणून कळवलंय. पुढच्या वर्षीही आपली मुलंच गातील. आणि सर, संगीताचा तास यापुढे कुणाला द्यायचा नाही. मागायला आले तर माझ्याकडे पाठवा."

"बरं," सर म्हणाले. हा वरचा सा होता.

"पण एक अट आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काल ती आजी नेमकी कोणत्या जागी बोलली, ते मी संहितेत पाहिलं. तिथं तुमची तीन पानं होती. पुढच्या वर्षी निवेदन लिहायचं असेल तर ते मला आधी दाखवायचं. अर्ध्या पानाच्या वर चालणार नाही."

मी छातीवर हात ठेवून, अत्यंत दुखावलेल्या कलावंतासारखी मान झुकवली. बाहेर पडल्यावर सर जिन्यात थांबले आणि म्हणाले, "अर्धं पान जास्तच आहे." मग ते पाचवीच्या तासाला गेले. मला नववीवर जायचं होतं, पण आतून सूर येत होते, म्हणून मी पाच मिनिटं पाचवीच्या दारापाशी उभी राहिले.